थंडीत घरातल्या घरात चवदार स्टेक: शेगडी बाहेरच राहू द्या, बिडाचा तवा तापवा

डिसेंबर-जानेवारीत लग्नं असतात, मुलांना सुट्ट्या असतात, लंडन-बर्मिंगहॅमहून भाचे-पुतणे आलेले असतात. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘खाला, आज बिर्याणी नको, स्टेक करू या.’’ मटण घरात असतंच. मग गच्चीवर शेगडी पेटवायची ठरते. पण नाशिक, मालेगाव, पुण्याकडे रात्री थंडी चांगलीच वाजते, वर वारा सुटलेला असतो. दहा मिनिटांत सगळे कुडकुडायला लागतात आणि कुणीतरी सुचवतं, ‘‘शेगडी आत घ्या ना. तेवढीच ऊबही होईल.’’

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. शेगडी आत घ्यायची नाही. गच्चीवर नाही, बाल्कनीत नाही, तरी घरातल्या गॅसवर निखाऱ्यावरच्या स्टेकच्या तोडीस तोड स्टेक होतो. तो कसा होतो आणि का होतो, हे सविस्तर सांगतो. आधी धोक्याचं बोलू, मग चवीचं.

शेगडी आत का नको?

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्याकडे समज असा की धूर निघून गेला, निखारे लाल झाले, म्हणजे आता भीती नाही. उलट आहे. धुराने निदान खोकला येतो, माणूस उठून खिडकी उघडतो. लाल निखारे धूर न करता हा वायू सोडत राहतात आणि कुणाला काही कळत नाही.

हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला चिकटतो, तेही ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट. मग रक्त फिरत असतं, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, सुस्ती येते. थंडीत जड जेवण झाल्यावर सुस्ती आली तर कोण संशय घेणार? ‘जेवण अंगावर आलं’ म्हणून माणूस आडवा होतो, आणि काही वेळा परत उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण वाचतो. बाथरूममधल्या गॅस गिझरने होणारे मृत्यूही बहुतेक याच वायूमुळे होतात.

खिडकीची एक झडप उघडी ठेवली म्हणजे झालं, असंही नाही. कोळशाची शेगडी, बार्बेक्यूची जाळी, कोळशाचा तंदूर हे सगळं उघड्यावर वापरायचं. घरात, बंद बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनाही हे सांगा, कारण तिथे बर्फ पडला की बार्बेक्यू गॅरेजमध्ये ओढण्याचा मोह होतो. झोपण्याआधी घरातली आग विझवावी ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे ती अक्षरशः लागू पडते.

कुणाला शेगडीजवळ बसून डोकेदुखी, मळमळ, गुंगी जाणवली तर सगळ्यांना लगेच बाहेर मोकळ्या हवेत न्या. एखादा उठत नसेल किंवा बरळत असेल तर १०८ ला फोन करा. लिंबूपाणी देत बसू नका.

मग कोळशाची ती चव कुठून आणायची?

इथे एक गंमत आहे. आपण जिला ‘कोळशाची चव’ म्हणतो, तिचा मोठा भाग कोळशाचा नसतोच. तो मांसाच्या भाजलेल्या, तपकिरी पडलेल्या पृष्ठभागाचा असतो. मांसातली प्रथिनं आणि थोडी साखर जोरदार उष्णतेत एकमेकांशी संयोग पावतात आणि शेकडो नवे वास-स्वाद तयार होतात. भाकरीचा पापुद्रा, पावाची कड, बिर्याणीवरचा तळलेला कांदा यांच्या वासातही हीच क्रिया असते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला मेलार्ड क्रिया म्हणतात.

ही क्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. पाणी मात्र १०० अंशांवर उकळतं. म्हणजे मटणाचा तुकडा ओला असेल, तर तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. तुकडा भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतो, राखाडी पडतो. घरच्या स्टेकला ‘चव येत नाही’ याचं मुख्य कारण हेच. मसाला कमी पडलेला नसतो, तुकडा ओला आणि तवा थंड असतो.

तेव्हा दोन गोष्टी सांभाळायच्या: तुकडा कोरडा आणि तवा कडक तापलेला. कोळसा करतो तेच काम बिडाचा जाड तवा करतो. निखाऱ्यावर चरबी ठिबकून जो धुरकट वास येतो तेवढाच फरक उरतो. त्याचीही सोय पुढे सांगितली आहे.

मटण कुठलं घ्यायचं, कसं कापून घ्यायचं?

महाराष्ट्रात स्टेक म्हणजे म्हशीच्या जातीचं मटण, ज्याला आपण बड्याचं म्हणतो. राज्याच्या १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात २०१५ साली लागू झालेल्या दुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या जातीवर ती बंदी नाही, पण परवानगी आणि तपासणी लागते. म्हणून परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पावती मागून जपून ठेवा. आजकालच्या वातावरणात तो कागद खिशात असलेला बरा.

दुकानात ‘स्टेकचं द्या’ म्हणण्यापेक्षा ‘अंडरकट द्या’ म्हणा. मुंबईतल्या कुठल्याही जुन्या कसायाला हा शब्द कळतो. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूने जाणारी ही लांबट, मऊ पट्टी. जनावर चालताना-फिरताना या स्नायूला फार काम पडत नाही, म्हणून ती कोवळी राहते. मांडीचा भाग स्वस्त पडतो, पण तो निहारीला, कोरम्याला चांगला. तव्यावर दहा मिनिटांत तो मऊ होणार नाही.

कसायाला सवय बोटी करायची असते, म्हणून आधीच सांगा: ‘‘बोटी नको. आडवे काप द्या, बोटाच्या एका पेराएवढे जाड.’’ साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. पातळ काप पसंद्याला ठीक, स्टेकला नाही. पातळ तुकड्याला बाहेरून रंग येईपर्यंत तो आतून वाळून जातो.

म्हशीच्या मटणाची एक खासियत लक्षात ठेवा. त्यात स्नायूंच्या आतली चरबी कमी असते. परदेशी व्हिडिओत दिसणारा पांढऱ्या रेषांचा स्टेक चरबीमुळे रसदार राहतो. आपल्या तुकड्याला ती सवलत नाही. तो जास्त शिजला की लगेच कोरडा पडतो. म्हणून आपल्याला वेळेवर लक्ष अधिक ठेवावं लागतं.

बोकडाचं करायचं असेल तर चाप घ्या, किंवा रानेचे हाडासकट गोल काप करून घ्या. कृती तीच, वेळ थोडा कमी.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक टीप: ब्रिटनमध्ये ‘सरलॉइन’ म्हणतात तो भाग अमेरिकेत ‘स्ट्रिप’ नावाने मिळतो, आणि अमेरिकेतला ‘सरलॉइन’ म्हणजे ब्रिटनचा ‘रम्प’. अमेरिकन व्हिडिओ बघून ब्रिटनमधल्या हलाल दुकानात जाणाऱ्याची इथे हमखास गल्लत होते. आपलं अंडरकट तिथे ‘फिलेट’ किंवा ‘टेंडरलॉइन’ होतं.

ताजं म्हणजे आजचंच नव्हे

आपल्याकडे सकाळी कापलेलं दुपारी शिजवायची रीत आहे. रश्श्याला, बिर्याणीला ते चालतं, कारण तिथे मटण तास-दीड तास शिजतं. स्टेकला चालत नाही. जबिहानंतर काही तासांत स्नायू ताठरतात. तो ताठरपणा उतरायला मोठ्या जनावरात एखादा दिवस लागतो. त्यानंतर मांसातलीच विकरं त्याचे रेषे हळूहळू सैल करतात. म्हणून मटण आणल्यावर एक ते दोन दिवस फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रिज चार अंशांच्या आसपास थंड हवा. बाहेर थंडी आहे म्हणून मटण ओट्यावर रात्रभर ठेवणं मात्र धोक्याचं. आपली थंडी फ्रिजएवढी थंड नसते.

फ्रीझरमधलं मटण असेल तर आदल्या दिवशी खाली फ्रिजमध्ये उतरवा. गरम पाण्यात टाकून घाईघाईत सोडवलेलं मटण खूप पाणी सोडतं.

कच्च्या पपईचं काय? अंडरकटला गरज नाही. मांडीचा तुकडा असेल तर अर्धा चमचा वाटण वरून चोळून अर्धा तास ठेवा, मग पुसून काढा. रात्रभर ठेवलंत तर वरचा थर पिठासारखा भुसभुशीत होईल आणि तव्याला चिकटेल.

ते लाल पाणी रक्त नव्हे

आपल्या घरांत स्टेक चामड्यासारखा होईपर्यंत भाजला जातो त्यामागे एक शंका असते: ‘‘आत लाल दिसतंय, रक्त आहे, हलाल कसं?’’ शंका योग्य आहे, म्हणून नीट समजून घेऊ.

जबिहा नीट झालं, रक्त वाहून गेलं, त्यानंतर मांसातून जे लालसर पाणी निघतं ते मुख्यतः पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. स्नायूत ऑक्सिजन साठवण्याचं त्याचं काम. मांसाचा लाल रंग त्याचाच, आणि शिजल्यावर तेच तपकिरी होतं. कुरआनात सूरह अल-अनआमच्या १४५ व्या आयतीत वाहतं रक्त निषिद्ध ठरवलं आहे. जबिहानंतर मांसात आणि बारीक शिरांत जे उरतं ते माफ आहे, असं सर्वसाधारणपणे फुकहांचं मत आहे. तरी कुणाच्या मनात किंतु असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं. आणि ज्याला लालसर आवडत नाही त्याच्या ताटात जबरदस्तीने वाढू नये, हा साधा अदब आहे.

पण हलाल असणं वेगळं आणि आरोग्याला सुरक्षित असणं वेगळं. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अशी: अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअस झाला पाहिजे आणि नंतर तीन मिनिटं तसाच राहिला पाहिजे. खिम्यासाठी ७१ अंश. फरक का? जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. अखंड तुकड्याचा पृष्ठभाग तव्यावर नीट भाजला जातो. खिमा करताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. तुकड्याला सुरीने टोचे मारले किंवा काट्याने भोकं पाडली तरी तेच होतं. म्हणून टोचलेला, कुटलेला तुकडा खिम्यासारखाच समजून पूर्ण शिजवा.

आपल्या बाजारात मटण बऱ्याचदा उघड्यावर टांगलेलं असतं, हाताळलेलं असतं. म्हणून माझा सल्ला ६५ ते ७० अंशांचा. इतक्यावर मध्ये फार तर किंचित गुलाबी झाक राहते, तुकडा मऊ असतो, आणि घरातल्या मोठ्यांनाही तो खाववतो. गर्भवती, लहान मुलं, वृद्ध, मधुमेही किंवा आजारातून उठलेले यांच्यासाठी ७१ च्या वर. अर्धकच्च्या मांसातून होणारा टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग गर्भातल्या बाळाला इजा करू शकतो, तिथे हौस नको.

हे अंश मोजायला सुईसारखा डिजिटल थर्मामीटर मिळतो, काहीशे रुपयांत. तुकड्याच्या बाजूने सुई मध्यापर्यंत घालायची, हाडाला लागू द्यायची नाही. अंदाजाने शिजवणाऱ्या हाताचा मान आहेच, पण रोजच्या सालनाचा अंदाज स्टेकला चालत नाही. सालन पाच मिनिटं जास्त शिजलं तर काही बिघडत नाही, स्टेक दोन मिनिटांत बिघडतो.

कृती: पायरी पायरीने

चार जणांसाठी अंडरकटचे चार काप, मिळून साधारण ७०० ग्रॅम.

१. आदल्या रात्री मीठ. काप पुसून कोरडे करा. ७०० ग्रॅमला सपाट दीड चमचा बारीक मीठ (साधारण सात-आठ ग्रॅम), सगळ्या बाजूंनी चोळा. ताटावर जाळी ठेवून त्यावर काप मांडा आणि झाकण न घालता फ्रिजमध्ये ठेवा. बाकी खाण्याच्या वस्तू झाकून वरच्या कप्प्यात ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि मग आत मुरतं. फ्रिजच्या कोरड्या हवेने पृष्ठभाग सुकतो. वेळ नसेल तर निदान पाऊण तास आधी मीठ लावा, नाहीतर अगदी तव्यावर टाकायच्या क्षणी. दहा-पंधरा मिनिटं आधी लावणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं.

२. ‘बाहेर काढून ठेवण्या’त वेळ घालवू नका. पुस्तकं सांगतात की अर्धा तास बाहेर ठेवून तुकडा घरच्या तापमानाला आणा. जाड तुकडा अर्ध्या तासात फारसा गरम होत नाही, आणि जानेवारीच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात तर नाहीच. त्यापेक्षा तो परत एकदा टिश्यू पेपरने किंवा स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या. हेच महत्त्वाचं.

३. घराची तयारी. धूर होणार आहे. चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन आधीच सुरू करा, स्वयंपाकघराची खिडकी उघडा, झोपायच्या खोल्यांची दारं लावून घ्या म्हणजे रजयांना वास बसणार नाही. परदेशात स्मोक अलार्म वाजला तर त्याची बॅटरी काढू नका, खिडकी उघडा. नंतर ती बॅटरी परत घालायची राहून जाते.

४. तवा. बिडाचा जाड तवा सगळ्यात चांगला. तो उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे थंड मटण पडलं तरी एकदम गार होत नाही. जाड लोखंडी तवाही चालतो. नॉनस्टिक नको. त्याचा थर साधारण २६० अंशांच्या पुढे विघटू लागतो आणि त्या वाफा चांगल्या नसतात. घरात पोपट-बजरीगर पाळले असतील तर त्या वाफांनी पक्षी मरतात. तवा मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा, मग आच मोठी करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र होऊन विरून गेला तर तवा अजून कमी तापला आहे. थेंब मोत्यासारखा घरंगळू लागला की तयार.

५. तेल तुकड्याला लावा, तव्याला नाही. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल पातळ चोळा. तव्यावर तेल ओतून तापवलं तर तुकडा पडण्याआधीच घर धुराने भरतं. लोणी सुरुवातीला नको, त्यातला दुधाचा अंश जळून कडू होतो. मिरपूडही आता नको, तीही जळते.

६. बिस्मिल्लाह म्हणून टाका. एका वेळी दोनच काप. तवा गच्च भरला की तो थंड होतो आणि पाणी सुटतं. पहिली दीड मिनिटं हलवू नका. नंतर दर मिनिटाला उलटा. ‘एकदाच उलटायचा’ हा नियम तुम्ही ऐकला असेल, पण वारंवार उलटल्याने दोन्ही बाजू सारख्या शिजतात आणि थोडं लवकर होतं. उलटायला चिमटा वापरा, काटा नको. कालथ्याने दाबूही नका, तो जो चर्र आवाज येतो तो रस वाया गेल्याचा असतो. कडाही तव्याला टेकवून भाजा.

७. शेवटचं दीड मिनिट. आच मध्यम करा. एक मोठा चमचा साजूक तूप किंवा लोणी, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक चिरलेली हिरवी मिरची टाका. तवा किंचित कलता करून ते तूप चमच्याने तुकड्यावर ओतत राहा.

८. वेळेवर उतरवा. अडीच सेंटिमीटरच्या तुकड्याला एकूण आठ ते दहा मिनिटं लागतात. हवं त्यापेक्षा तीन-चार अंश आधी उतरवा, म्हणजे ६८ हवे असतील तर ६४-६५ ला. बाहेरची उष्णता आत जात राहते आणि तापमान वर चढतं. ते शेवटी कुठे पोचलं हे सुई घालून पुन्हा बघा.

९. पाच-सात मिनिटं विसावा. जाळीवर किंवा गरम ताटात. थंडीत हे ताट महत्त्वाचं. गार स्टीलच्या थाळीत ठेवलं तर तुकडा खालून गारठतो, तूप थिजतं आणि जिभेला चिकटतं. ताटं आधी गरम पाण्यातून काढून पुसून ठेवा. कुटलेली काळी मिरी आता घाला.

तुकडा तीन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल आणि घरात ओटीजी असेल तर उलटी रीत करा. आधी ओटीजीत ११०-१२० अंशांवर जाळीवर ठेवून आतून ५५ अंशांपर्यंत न्या, मग कडक तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट भाजा. पृष्ठभाग ओटीजीतच सुकलेला असतो, त्यामुळे रंग झटकन येतो आणि धूरही कमी होतो.

‘मोठ्या आचेवर रस कोंडला जातो’ हे खरं का?

नाही. ही समजूत १९ व्या शतकातले जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यापासून पसरली. भाजलेला पापुद्रा रस अडवत नाही. तसं असतं तर तव्यावर चर्र आवाजच आला नसता, कारण तो आवाज बाहेर येणाऱ्या रसाचाच असतो. मोठी आच रंगासाठी आणि वासासाठी. रस टिकतो तो वेळेवर उतरवल्याने.

धुराचा वास हवाच असेल तर

सोपा मार्ग: एक कांदा, दोन टोमॅटो, एक लसणाचा गड्डा आणि दोन मिरच्या गॅसच्या ज्योतीवर वांग्यासारखे काळे होईपर्यंत भाजा. सालं काढून, मीठ-लिंबू घालून जाडसर ठेचा करा. हा ठेचा स्टेकसोबत वाढला की धुरकट चव आपोआप येते.

धुंगार द्यायचाच असेल तर सुपारीएवढा एकच कोळसा गॅसवर लाल करा. खिडकी आणि पंखा चालू ठेवून स्टेकच्या पातेल्यात वाटीत ठेवा, तुपाचा थेंब सोडा, दोन मिनिटं झाका. लगेच कोळसा पाण्यात बुडवून विझवा. तो कचऱ्याच्या डब्यात तसाच टाकू नका आणि ‘ऊब आहे’ म्हणून दुसरा पेटवू नका.

सॉस: दारूशिवाय

परदेशी कृतींत स्टेक काढल्यावर तव्यात वाइन ओततात. तिचं काम दोनच: तव्याला लागलेली तपकिरी खरवड सोडवणं आणि थोडा आंबटपणा देणं. दोन्ही गोष्टी आपल्या घरात आहेत.

तव्यातली जास्तीची चरबी काढून टाका. एक छोटा बारीक कांदा मिनिटभर परता. अर्धी वाटी यखनी किंवा हाडांचा पातळ रस्सा ओता आणि लाकडी उलथन्याने खरवड सोडवा. बिडाच्या तव्यात आंबट पदार्थ फार वेळ उकळू नये, म्हणून रस्सा निम्मा आटल्यावर शेवटी एक चमचा व्हिनेगर किंवा कोकमाचं आगळ घाला, मिरपूड आणि लोण्याचा गोळा टाकून उतरवा. कोकणातल्या घरांत आगळाची बाटली असतेच. बड्याच्या मटणाला तो आंबटपणा फार छान लागतो. बाजारातल्या बाटलीतला स्टेक सॉस वापरणार असाल तर लेबल वाचा, काहींत वाइन असते.

सोबत काय, उरलं तर काय

थंडीत भाजी स्वस्त आणि गोड असते. त्याच तव्यावर गाजराचे काप, मटार, छोटे उकडलेले बटाटे स्टेकच्या तुपात परता. कांद्याची पात चिरून वर घाला. पाव चालतो, पण सॉस पुसून खायला ज्वारीची भाकरी जास्त चांगली.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. थंडी आहे म्हणून रात्रभर बाहेर नको. दुसऱ्या दिवशी तेच तव्यावर वाळवत गरम करू नका. पातळ काप करून अंड्याच्या ऑम्लेटमध्ये किंवा पुलावावर वाफ देताना घाला.

एका थाळीत

स्टेक हा हॉटेलात माणशी एक असा मोजून येणारा पदार्थ. आपल्या दस्तरख्वानावर मात्र मोजणी नसते. रश्श्यात पाणी वाढवून शेजाऱ्यालाही द्यावं अशी शिकवण आपल्याला आहे. पण स्टेकमध्ये पाणी कसं वाढवणार?

त्यालाही उपाय आहे. विसावलेले चारही काप पाटावर घ्या, मांसाचे रेषे कुठल्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवी सुरी चालवून पातळ पातळ काप करा. रेषे आखूड झाल्याने दात नसलेल्या दादीलाही ते चावता येतात. मधले मऊ काप ज्यांना आवडतात त्यांच्या बाजूला, कडेचे पूर्ण भाजलेले दुसऱ्या बाजूला ठेवा. गर्भवती सुनेचा आणि लहानग्यांचा तुकडा आधीच वेगळा, पूर्ण शिजवलेला काढा. सगळं एका मोठ्या थाळीत मांडा, मध्ये ठेचा, कडेने बटाटे-गाजर, वरून सॉस. चार जणांचं ७०० ग्रॅम मटण मग सहा-सात जणांना पुरतं, आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडेही एक बशी जाते.

स्वयंपाकघरात तवा तापलेला असतो, त्याने खोलीत थोडी ऊब येतेच. आणखी ऊब हवी असेल तर रजया काढा आणि मसाल्याचा चहा ठेवा. शेगडी गच्चीवरच राहू द्या. इन्शाअल्लाह उन्हाळ्यात तिच्यावर पुन्हा सीग कबाब लावू.